वस्तऱ्याने चामोटीवर चिरा पडू नयेत म्हणून

चामोटीवर, म्हणजे वस्तऱ्याची धार सरळ करायच्या चामड्याच्या पट्ट्यावर, चिरा पडतात त्या बहुतेक वेळा वळणावर. वस्तरा चामोटीच्या शेवटाशी पोचतो, पाते उलटायचे असते, आणि नेमक्या त्या क्षणी एक तर पाठ, म्हणजे धारेसमोरची जाड कड, चामड्यावरून सुटते, नाही तर पाते उलटण्याआधीच हात परतीला लागतो. सरळ ओढ चालू असताना, म्हणजे पाठ पुढे आणि धार मागे असताना, कितीही धारदार वस्तरा चामड्याला कापत नाही. म्हणून चामोटी वाचवायची तर आधी वळण सुधारायचे. वस्तऱ्याची तपासणी, चामोटीचा ताण, स्वच्छता हे सगळे महत्त्वाचे आहे, पण त्याच्या मागून.

इथले सगळे अखंड पात्याच्या घडीच्या वस्तऱ्याबद्दल आहे. जर्मनीतल्या झोलिंगेनचा असो, फ्रान्समधल्या तिएरचा असो, की जुना शेफील्डचा असो. आपल्याकडच्या सलूनमध्ये आता अर्धे ब्लेड बसवायचा वस्तरा असतो आणि दर गिऱ्हाइकाला नवे ब्लेड लागते, त्यामुळे तिथे चामोटीचे कामच उरलेले नाही. ते ब्लेड चामोटीवर ओढू नका. कोन सांभाळणारी जाड पाठ त्याला नसते, आणि चामडे पहिल्याच फेरीत कापले जाऊ शकते.

अखंड वस्तऱ्याचे सगळे गणित त्या पाठीवर उभे आहे. पाठ आणि धार एकाच वेळी सपाट जागेला टेकली की कोन आपोआप बरोबर येतो. समजा पाठ ५ मिलिमीटर जाड आहे आणि पाठीपासून धारेपर्यंतची रुंदी १८ मिलिमीटर आहे. मग धारेचा एकूण कोन सुमारे १६ अंश होतो, म्हणजे एका बाजूला ८. आता पाठ चामड्यावरून फक्त २ मिलिमीटर उचलली गेली, तर त्या बाजूचा कोन आणखी ६ अंशांनी वाढतो. एवढा फरक डोळ्यांना जाणवतही नाही. ओढीत असताना एवढ्याने धार गोल होते, आणि वळताना एवढ्यानेच ती चामड्यात शिरते.

आधी खुणा वाचा

चामोटी खिडकीशी नेऊन तिरप्या उजेडात धरा. चिरेची जागा आणि आकार पाहिला की कारण बहुधा तिथेच कळते, आणि कारण कळल्याशिवाय हात बदलून काही उपयोग नाही.

दोन्ही टोकांपासून आठ-दहा सेंटिमीटरच्या आत आडव्या, किंचित वक्र चिरा असतील आणि चामड्याची पातळ जिभळी उचललेली असेल, तर ती वळणावरची चूक. फक्त लांबच्या टोकाला असतील तर हात पुरता लांबवताना मनगट फिरते आहे. फक्त जवळच्या टोकाला असतील तर कोपर अंगाला अडते आहे आणि पाते घाईने उलटले जाते आहे.

चामोटीच्या कडांवर छोट्या खाचा दिसत असतील, तर पात्याचे टोक ओढीच्या शेवटी कडेबाहेर जाते आहे आणि परत येताना कडेत अडकते आहे. ही चूक ५ सेंटिमीटर रुंदीच्या चामोटीवर हमखास होते.

चामोटीच्या लांबीने जाणाऱ्या बारीक समांतर रेघा असतील तर दोष हाताचा नाही. धारेला दाता, म्हणजे बारीक खाच, पडला आहे, पाठीची कड टोकदार आहे, किंवा चामड्यात कठीण कण बसला आहे. रेघ नेहमी त्याच जागी, पात्याच्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर येत असेल तर वस्तरा तपासा. कुठेही येत असेल तर धूळ.

एका कडेने पुसट, रुंद, घासल्यासारखा पट्टा असेल तर मुठीची खिळी (पाते मुठीला जोडते ती) किंवा मुठीची कड चामड्याला लागते आहे. आणि मधोमध, ओढीच्या वाटेवरच चामड्याचा पापुद्रा निघाला असेल, तर वस्तरा धार पुढे करून ढकलला गेला आहे. हे बहुधा बोलता-बोलता किंवा पहाटेच्या झोपेत होते. चामोटीवर काम चालू असताना कोणाशी बोलू नये, हा नियम पाळण्यासारखा आहे.

वस्तरा चामोटीजोगा आहे का

चामोटी धार बनवत नाही, असलेली धार सरळ करते. दाढी करताना धारेची अगदी टोकाची कड इकडेतिकडे वाकते, ती चामड्यावर पुन्हा रेषेत येते. पण धारेला दाता असेल किंवा धार लावायच्या दगडावरून आल्यावर तारेसारखी कड लोंबत असेल, तर चामडे ते दुरुस्त करणार नाही. उलट ती कड चामड्याला खरवडेल, आणि तुटलेला पोलादाचा कण चामड्यात रुतून पुढच्या प्रत्येक फेरीत धारेशी भिडेल.

तपासायला कापूस पुरतो. कापसाची सैल पुणी धारेवरून पाठीकडून धारेच्या दिशेने अलगद उतरवा आणि टाचेपासून, म्हणजे धारेच्या मुठीकडच्या शेवटापासून, टोकापर्यंत पुढे सरकत जा. तंतू कुठे अडकला की तिथे दाता आहे. मग घड्याळजीच्या १० पट भिंगातून ती जागा पाहा. दुसरी पद्धत उजेडाची. धार वर करून दिव्याखाली धरा आणि सरळ धारेकडे पाहा. चांगली धार दिसतच नाही. चमकणारा ठिपका दिसला तर तिथे कड मोडलेली आहे. असा वस्तरा दगडावर जातो. दात्याच्या खोलीप्रमाणे १००० किंवा ४००० च्या दगडापासून सुरुवात करून ८००० आणि १२००० पर्यंत (आकडा मोठा तितका दगड बारीक). लोंबणारी कड शेवटच्या दगडावरच अगदी हलक्या हाताने काढायची असते, चामड्यावर टाकायची नसते.

पात्याचे टोक पाहा. गोल टोकाचा वस्तरा चामोटीला सगळ्यात कमी त्रास देतो. काटकोनी टोकाचा वस्तरा कल्ल्यांची आणि मिशीची रेघ सुरेख काढतो, पण त्या टोकाचा कोपरा सुईसारखा असतो, आणि मनगट जरा वळले की तो आधी चामड्यात घुसतो. नवशिक्याने तो कोपरा किंचित मारावा. १००० किंवा २००० चा दगड ओला करा, कोपरा त्यावर ४५ अंशांत टेकवा आणि वजन न देता तीन ते पाच वेळा ओढा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा कमी पोलाद जायला हवे. मग कोपरा नखावरून हलकेच फिरवा. नखाला ओरखडा न काढता सरकला की पुरे. रेघ काढण्याच्या कामात फारसा फरक पडत नाही.

टाचेकडेही बघा. बरेचदा दगडावर गेलेल्या वस्तऱ्याची टाच झिजून तिथे आकडी तयार होते आणि ती खाली डोकावते. चामोटीवर मग टाचेच्या बाजूने एक रेघ सतत उमटत राहते. आकडी दगडावर गोल करून घ्यावी लागते. स्वतः करायचा आत्मविश्वास नसेल तर जाणकाराकडून करून घ्या, कारण तिथे जास्त पोलाद काढले तर पात्याचा तोल बिघडतो.

पाठ हा सहसा विसरला जाणारा भाग. दगडावर घासून पाठीला सपाट पट्टी येते आणि त्या पट्टीच्या बाहेरच्या कडेला कधीकधी टोकदार काठ राहतो. नखाने तपासा. लागत असेल तर २००० चा ओला पॉलिश पेपर बोटावर घेऊन फक्त तो काठ मोडा, दोन-तीन हलके हात. सपाट पट्टीला हात लावू नका, कोन तिच्यावरच अवलंबून आहे. पात्यावर गंजाचा लाल किंवा काळा खडबडीत ठिपका असेल तर तोही आधी साफ करा. गंजाचे कण चामड्यात गेले की निघत नाहीत.

शेवटी खिळी. वस्तरा अर्धा उघडून पाते डावी-उजवीकडे हलवा. ते खुळखुळत असेल तर चामोटीवर ते आपल्या इच्छेबाहेर कलंडेल. खिळी हलक्या हातोडीने, लहान ऐरणीवर ठेवून, थोडी थोडी घट्ट करता येते. एकदम जोराचा घाव घातला तर मूठ तडकते.

चामोटीची जागा आणि ताण

टांगायच्या चामोटीची लांबी ४५ ते ६० सेंटिमीटर आणि रुंदी ५ ते ७.५ सेंटिमीटर असते. पात्याची लांबी साधारण ७.५ सेंटिमीटर, त्यामुळे ७.५ सेंटिमीटर रुंद चामोटीवर पाते सरळ ओढता येते. अरुंद चामोटीवर ते तिरपे न्यावे लागते, आणि तिथेच टोक कडेबाहेर जाण्याचा धोका येतो. पहिली चामोटी घेणार असाल तर रुंदच घ्या. आणि महाग घेऊ नका, पहिलीवर चिरा पडतात.

भिंतीतला आकडा छातीच्या थोडा खाली, बेंबीच्या वर असावा. आकडा हलता कामा नये, कारण आकडा डगमगला की चामोटी पिळते. चामोटी जमिनीला समांतर किंवा तुमच्याकडे किंचित उतरती धरा. डाव्या हाताने ती ताणून धरायची, आणि डाव्या हाताची बोटे चामड्याच्या पातळीखाली राहतील असे पाहायचे. हात आत-बाहेर फिरला की चामोटीची एक कड उचलली जाते, आणि टोक किंवा टाच आधी तिथे लागते. एकाच कडेच्या चिरांचे कारण बरेचदा उजवा हात नसून हा डावा हात असतो.

ताण किती, यावर जाणकारांत दोन मते आहेत. काही जण अगदी ताठ ओढतात, काही थोडी लवचीक ठेवतात. आमचा कल ताठकडे. चामडे सैल असेल तर पात्याखाली ते झोळीसारखे खाली जाते आणि धारेच्या मागून वर वळते. त्या वळणाने धारेचा कोन वाढतो, धार गोल होते, आणि उलटण्याच्या क्षणी वर आलेले चामडे आयतेच धारेपुढे येते. ताठ चामोटीवर पाते ठेवले की मधला भाग जेमतेम दोन-तीन मिलिमीटर दबावा, त्याहून जास्त नको. पूर्ण ताठ धरताना दाब वाढण्याची सवय मात्र लागते, त्यावर लक्ष ठेवा.

नवी चामोटी कधीकधी मधे वाकलेली, कडा वर आलेली असते. तिच्यावर वस्तरा नेण्याआधी ती सपाट फळीवर, वर जड पुस्तके ठेवून, दोन-तीन दिवस दाबून ठेवा. कडा वर असतील तर पाते फक्त कडांवर चालते आणि दोन्ही कडा कापल्या जातात.

हात आणि वळण

वस्तरा असा उघडा की मूठ पात्याच्या रेषेत सरळ येईल. अंगठा आणि तर्जनी देठावर, म्हणजे पाते आणि खिळी यांच्या मधल्या अरुंद भागावर. बाकीची बोटे मुठीभोवती सैल. मूठ चामोटीच्या कडेबाहेर राहायला हवी. ती चामड्याला लागली तर खिळीची टोके तिथे घासतात.

आता पाते चामोटीवर ठेवा. आधी पाठ टेकवायची, मग धार खाली आणायची. उचलताना उलटे, आधी धार उचलायची आणि शेवटी पाठ. पाठ पहिली येते, शेवटी जाते. ओढीत, वळणावर, सुरुवातीला, शेवटी, कुठेही पाठ चामड्यावर नसताना धार चामड्यावर असता कामा नये. एवढे एक पाळले तर चिरेला जागाच उरत नाही.

लांब नेताना पाठ तुमच्यापासून दूरच्या बाजूला, धार तुमच्याकडे. पाते पुढे सरकते, पाठ वाट काढते, धार मागून येते. चामोटीचे शेवटचे ३-४ सेंटिमीटर मोकळे सोडून पाते पूर्ण थांबवा. आता अंगठा आणि तर्जनी यांच्यात देठ लोळवा, पेन्सिल चिमटीत फिरवतो तसा. धार वर उठेल, पाठीवरून पलीकडे जाईल आणि दुसऱ्या बाजूने खाली येईल. या सगळ्या वेळात पाठ चामड्याला चिकटलेली. धार पुन्हा सपाट टेकली याची खात्री झाली की मगच परतीची ओढ. आता पाठ तुमच्याकडे आणि धार दूर.

मनगट यात फिरत नाही, कोपर वर येत नाही, फक्त दोन बोटांच्या पेरांचे काम आहे. मनगटाने उलटले की पात्याचे टोक वर आणि टाच खाली जाते, किंवा उलट, आणि खाली गेलेला कोपरा चामड्यात शिरतो. हात देठाच्या खूप मागे, मुठीवर असेल तरीही असेच होते, कारण तिथून पाते लोळवता येत नाही, सगळा हातच वळवावा लागतो.

सुरुवातीला मनात चार मात्रा मोजा: थांब, उलट, टेकव, चल. प्रत्येक मात्रेला पूर्ण वेळ द्या. एक ओढ दोन सेकंदांची, वळण एका सेकंदाचे. हळू गेल्याने धारेचे काही बिघडत नाही. सलूनमधल्या जुन्या उस्तादांचा वेग पाहून त्याची नक्कल करू नका. त्यांचे पाते थांबण्याच्या क्षणीच उलटायला सुरुवात होते, आणि ती अचूकता वेगातून येत नाही, वेग तिच्यातून येतो. नवशिक्या वेग धरतो तेव्हा उलटणे आणि परतणे एकमेकांवर चढतात. पाते अर्धे उलटलेले असताना हात निघतो, धार खाली येताना पुढे सरकत असते, आणि चामड्याची जिभळी निघते.

दाब म्हणाल तर वस्तऱ्याचे स्वतःचे वजन, साधारण ५० ते ७० ग्रॅम, तेवढाच. पोकळ घासलेली, म्हणजे दोन्ही बाजूंनी खोलगट केलेली पातळ पाती दाबाने मधे वाकतात आणि धार अपेक्षेपेक्षा खोल जाते. जुन्या शेफील्डच्या जाड, पाचरीसारख्या पात्यात हे होत नाही, पण ते वजनानेच जास्त दाबते, म्हणून तिथे हात आणखी सैल हवा.

अरुंद चामोटीवर पाते तिरपे न्यायचे असते. ओढ सुरू होताना टाच चामड्यावर, संपताना टोकाकडचा भाग चामड्यावर, दोन्ही दिशांना तसेच, म्हणजे वाट गुणाकाराच्या खुणेसारखी दिसते. पण टोक कडेबाहेर जाऊ द्यायचे नाही. ओढ संपेल तेव्हा टोकाच्या पुढे निदान ५ मिलिमीटर चामडे शिल्लक हवे. ते अंतर डोळ्यांनी बघत राहा, आणि वळताना पाते बाजूला सरकवू नका, उलटून झाल्यावरच जागा बदला. धार हसरी, म्हणजे मधे पुढे आलेली असेल, तर टाचेपासून टोकापर्यंत पाते किंचित डोलवत न्यावे लागते. हे डोलवणे सरळ ओढ पक्की झाल्यावरच शिका.

कान उघडे ठेवा. चांगल्या ओढीचा आवाज एकसारखा, मऊ सरसर येतो. मधेच टिक आवाज आला की थांबा. चामड्यावर बोट फिरवून पाहा, धार पुसा, पुन्हा कापसाने तपासा. त्या टिकीकडे दुर्लक्ष करून वीस फेऱ्या मारल्या तर एका कणाची रेघ होते.

जाऊन-येऊन एक फेरी धरली तर दाढीआधी चामोटीसोबतच्या कापडाच्या पट्ट्यावर २० ते ३० आणि चामड्यावर ५० ते ६० फेऱ्या पुरतात. हात थकला, लक्ष उडाले, तर ३० वर थांबा. शेवटच्या थकलेल्या फेऱ्यांत चिरा पडतात. कापडाचा पट्टाही अशाच चुकांनी कापला जातो, त्याचे धागे सुटतात, तेव्हा हाताची शिस्त तिथेही तीच.

सराव धारेविना

वळण आधी बोथट गोष्टीवर शिका. जेवणाच्या टेबलावरची लोण्याची बोथट सुरी चालते. तिची पाठ वस्तऱ्याइतकी जाड नसते, त्यामुळे कोन शिकता येत नाही, पण थांबणे, लोळवणे, टेकवणे शिकता येते. त्याहून बरे म्हणजे जुन्या बाजारातला स्वस्त, खराब वस्तरा घेऊन त्याची धार काचेवर उभी घासून पूर्ण मारून टाकायची आणि त्यावर सराव करायचा. वजन, देठ, मूठ सगळे खरे मिळते. सरावाला जुना रुंद कमरपट्टा चालेल, फक्त तो खरा चामड्याचा असला तरी त्यावर रंगाचा लेप असतो, म्हणून धारदार वस्तरा त्यावर नेऊ नका.

सराव पुरेसा झाला हे ओळखण्याची एक खूण आहे. पाठीच्या सपाट पट्टीवर मार्करने काळी रेघ ओढा आणि वळणावळणाला तिची काळी छाप चामड्यावर कुठे पडते ते पाहा. वळणाच्या जागी अखंड छाप उमटत असेल तर पाठ सुटत नाही. तुटक असेल तर सुटते आहे. हे फक्त सरावाच्या पट्ट्यावर करा.

धूळ, पाणी, पेस्ट

दगडावरून आलेला वस्तरा वाहत्या पाण्यात धुवा आणि पाठीकडून धारेकडे कापडाने पुसून कोरडा करा. दगडाचा गाळ चामड्यात बसला की तिथे कायमचा खरखरीत ठिपका होतो. ओल्या पात्याने चामड्याचा पृष्ठभाग फुगतो, डाग पडतो आणि मऊ झालेले चामडे लवकर कापले जाते. साबणाचा फेस सुकून धारेजवळ चिकटलेला असेल तर तोही काढा.

वापराआधी चामोटीवरून तळहात दाबून दहा-पंधरा वेळा फिरवा. तळहाताला कण लगेच जाणवतो, हाताच्या उबेने चामडे थोडे सैलावते आणि त्वचेचे तेल त्याला पुरते. हात धुतलेला आणि कोरडा हवा. अंगठी आणि घड्याळ काढून ठेवा. पुष्कळ ओरखडे वस्तऱ्याचे समजले जातात आणि असतात अंगठीचे.

घासणारी पेस्ट साध्या चामोटीवर कधीच लावू नका. क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट ०.५ मायक्रॉनची असते, हिऱ्याची ०.२५ किंवा ०.५ ची, पण एकदा कण चामड्यात गेले की परत येत नाहीत. बाजारातल्या पुष्कळ हिरव्या पॉलिशच्या वड्यांत ॲल्युमिनियम ऑक्साइडचे जाडसर कणही मिसळलेले असतात, त्यांनी धारेवर आणि चामड्यावर दोन्हीकडे रेघा पडतात. पेस्टसाठी वेगळा पट्टा ठेवा, आणि पेस्टवरून साध्या चामोटीवर येताना पाते पुसा.

चामोटी घडी घालून ठेवू नका, टांगून ठेवा. चुन्याच्या भिंतीला ती टेकत असेल तर मधे कापड सोडा, कारण चुन्याचा चुरा बारीक वाळूचेच काम करतो. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात चामडे दमट होऊन लांबते, झोळ पडतो आणि चिरांचा धोका वाढतो, तेव्हा ताण जरा जास्त ठेवा. बुरशीचा पांढरा थर दिसला तर कोरड्या कापडाने घराबाहेर पुसा आणि सावलीत वाऱ्यावर सुकवा. उन्हात ठेवले तर चामडे तडकते.

तेल अगदी थोडे. वर्षातून एकदा, फक्त चामडे कोरडे आणि ताठ वाटले तर, नीट्सफूट तेलाचे (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेले, चामड्याला लावायचे तेल) पाच-सहा थेंब तळहातावर घेऊन चोळा आणि दोन दिवस तसेच ठेवा. जास्त तेलाने चामडे स्पंजासारखे होते आणि धार त्यात बुडते. खोबरेल तेल नको, ते २४ अंशांच्या खाली थिजते आणि चामड्यात खवट होते. बुटाचे पॉलिशही नको, त्याचे मेण थरांनी साचते आणि धूळ धरून ठेवते.

चीर पडलीच तर

चीर दिसली म्हणून घाबरायचे कारण नाही. जी चीर पृष्ठभागाच्या वर उठलेली नाही ती धारेला काही करत नाही. बोट फिरवून पाहा. काही लागत नसेल तर सोडून द्या. बारीक ओरखडे तळहाताच्या रोजच्या घासण्याने आपोआप बुजतात.

जिभळी उठलेली असेल तर ती ओढून काढू नका, तिथे खड्डा राहतो. कातडी चिकटवायचा रबराचा गोंद, फेव्हिबाँड किंवा तसाच, दात कोरायच्या काडीच्या टोकावर घ्या. जिभळीच्या खाली आणि खालच्या चामड्यावर अगदी पातळ थर लावा आणि पाच ते दहा मिनिटे थांबा. गोंद चिकटत नाही इतका सुकला की जिभळी खाली बसवा, काचेच्या बाटलीने जिभळीच्या मुळाकडून टोकाकडे दाबत न्या, वर प्लॅस्टिकचा कागद आणि जड वजन ठेवून रात्रभर राहू द्या. बाहेर आलेला गोंद बोटाने चोळून काढता येतो. लाकडाचा पांढरा गोंद वापरू नका. तो सुकल्यावर कडक होतो, चामोटी वाकली की तडकतो आणि त्याची कडक कड धारेला लागते. सायनोॲक्रिलेटचा झटपट गोंद तर त्याहून कडक.

दुसऱ्या दिवशी त्या जागेला किंचित उंचवटा असेल तर सपाट लाकडी ठोकळ्यावर ४०० चा पॉलिश पेपर गुंडाळून हलक्या हाताने घासा, मग ६०० आणि १०००. ठोकळ्याशिवाय बोटाने घासले तर खड्डा पडतो. फक्त चिरेपुरते न घासता आजूबाजूचे ५ सेंटिमीटर धरून उतार द्या. घासल्यावर कागदाचे कण चामड्यात राहतात, आणि ते पेस्टपेक्षा कितीतरी जाड असतात. म्हणून आधी मऊ ब्रश, मग चिकटपट्टी दाबून उचलणे असे तीन-चार वेळा, मग पिळून घट्ट काढलेल्या ओलसर कापडाचा एक हात. चामडे पूर्ण सुकल्यावर तळहाताने भरपूर चोळा आणि पहिल्या दहा फेऱ्या अशा वस्तऱ्याने मारा की ज्याला तसेही दगडावर जायचे आहे.

कडेवरच्या खाचा चिकटवत बसू नका. धारदार कातडी सुरीने ती कड खाचेपुरती सरळ, एका लांब रेषेत छाटा आणि पॉलिश पेपरने गोल करा. दोन-तीन मिलिमीटर रुंदी कमी झाल्याने काही अडत नाही.

चीर अर्ध्या जाडीपर्यंत गेली असेल आणि ती ताणल्यावर उघडत असेल, तर ती चामोटी टांगून वापरण्याजोगी उरत नाही, कारण ताणाने चीर वाढत जाते. तिचा चांगला तुकडा, २५ ते ३० सेंटिमीटर, कापून १२ मिलिमीटर जाड सपाट लाकडी फळीवर रबराच्या गोंदाने चिकटवा. फळी चामड्याइतकीच लांब-रुंद कापा, नाही तर बाहेर राहिलेल्या लाकडावर धार आपटते. अशा फळीवरच्या चामड्याला झोळ पडत नाही, त्यामुळे वळण शिकायलाही ती सोपी जाते. फक्त खालून अर्धा सेंटिमीटर तरी उंच करून ठेवा, म्हणजे वस्तऱ्याची मूठ टेबलावर घासून पाते कलंडणार नाही.